टॉवरचे नकोत, चालू रेंजचे पैसे द्या

1986 साली कित्तूरला सी-डॉटने बनवलेले पहिले ग्रामीण स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. राणी चन्नम्मांचे कित्तूर, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले. 128 लाइनींचे ते छोटेखानी यंत्र. बाहेरून आणलेल्या एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागायची. हे धुळीत, उन्हात, लाईट खाली-वर होत असतानाही चालायचे. ते चालावे म्हणूनच तसे बनवले होते. सी-डॉट ही 1984 साली सरकारी पैशातून उभी राहिलेली संस्था. खेड्यात फोन पोहोचवायचा तर खेड्यातली धूळ, ऊन आणि लोडशेडिंग आधी हिशेबात धरावे लागते, हे तिथल्या अभियंत्यांना कळले होते. पुढच्या चाळीस वर्षांत सरकारने ग्रामीण दूरसंचारावर त्याहून कितीतरी पट पैसा ओतला, पण हे साधे शहाणपण त्या पैशासोबत आले नाही. आज कित्तूरच्या शेजारच्या खानापूर तालुक्यात पश्चिमेला निघालात, जांबोटीच्या पुढे गेलात, की याचा प्रत्यय येतो.

कणकुंबी, आमगाव, हेम्माडगा, पास्टोली, गवाळी हा सह्याद्रीच्या माथ्यावरचा पट्टा. पाऊस इथे मोजून पडत नाही. मृग लागला की हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची, लाईट जाते आणि कधी येईल ते हेस्कॉमलाही सांगता येत नाही. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर, बॅटरी संपली की जनरेटरवर, जनरेटरला डिझेल, डिझेलला रस्ता, आणि आषाढात रस्त्यावर झाड आडवे. मग फोन खिशात असतो, रिचार्ज असतो, टॉवरही जागेवर उभा दिसतो. रेंज तेवढी नसते. आजारी माणसाला डोलीत घालून ओढे ओलांडत डांबरी रस्त्यापर्यंत आणायची वेळ या गावांवर अजूनही येते. त्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो आणि पूल नसल्याबद्दल हळहळतो. पूल हवाच. पण 108 ला फोन लागला असता तर गाडी रस्त्यावर येऊन थांबली असती, हे बातमीत येत नाही. डोली रस्त्याला लागल्यावर कोणीतरी दुचाकीवरून रेंजच्या शोधात जातो, तिथून पुढे सगळे सुरू होते.

याच जिल्ह्यात निपाणी, संकेश्वर, हत्तरगी ही पुणे-बेंगळूर महामार्गावरची गावे आहेत. तिथे तिन्ही-चारही कंपन्या हजर, फाइव्ह-जी हजर, वर फायबरवाले दारात पत्रके टाकून जातात. बाजाराने निपाणीत काम चोख केले यात शंका नाही. पण बाजार गिऱ्हाईक मोजतो. घाटमाथ्यावर तीस घरांचे गाव, त्यातली अर्धी माणसे गोव्यात नाहीतर बेळगावात कामाला. तिथे टॉवरचे डिझेलसुद्धा भरून निघणार नाही. त्यात कंपनीचा दोषही नाही. अशा ठिकाणासाठीच तर सार्वजनिक पैसा असतो.

आणि तो पैसा आहे. सरकारला कुठून आणायचाही नाही, कारण आपण तो दर महिन्याला देतोच. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या 8 टक्के परवाना शुल्क सरकारला देतात. त्यातले 5 टक्के ग्रामीण आणि दुर्गम भागातल्या सेवेसाठी राखलेले. 1 एप्रिल 2002 पासून हा सार्वत्रिक सेवा निधी सुरू आहे. 2003 च्या कायदा-दुरुस्तीने त्याला वैधानिक बळ मिळाले आणि 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर 28 दिवसांचा जो पॅक 349 रुपयांना झाला, त्यातून जीएसटी वजा केला तर ढोबळ मानाने पंधराएक रुपये या निधीच्या वाट्याचे. खानापुरातला शेतकरी, निपाणीतली विडी कामगार बाई, येळ्ळूरचा कॉलेजातला पोरगा, सगळेच ते भरतात. त्यामुळे घाटातल्या गावाला टॉवर दिला की उपकार केल्याच्या थाटात जो फलक लागतो, तो मला नेहमी खटकतो. ज्याचे पैसे आहेत त्यालाच हार घालायला उभे करतात.

आता या पैशाचे होते काय? हा निधी थेट खात्यात पडत नाही. रक्कम आधी भारताच्या संचित निधीत जाते आणि मग संसद मंजूर करील तेवढी इकडे वळते. जमा किती आणि वळवली किती यातल्या तफावतीवर महालेखापालांनी वारंवार बोट ठेवले आहे. वीस वर्षांहून अधिक काळ गोळा झालेल्या रकमेतला मोठा हिस्सा या कामावर खर्चच झालेला नाही. एकीकडे गावाला सांगायचे की तुमच्यासाठी टॉवर परवडत नाही, आणि दुसरीकडे त्याच गावाच्या रिचार्जमधून कापलेला पैसा पडून, ही गोष्ट कोणाही सरकारला शोभणारी नाही. यात एका पक्षाचे नाव घेऊन सुटका करून घेता येत नाही. सगळ्यांच्या राजवटीत हेच चालले.

तरीही, पडून राहिलेला पैसा हा माझ्या मते दुय्यम मुद्दा. जो खर्च झाला त्याचे काय झाले ते पाहिले तर जास्त वाईट वाटते.

ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्राने प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तिचेच नाव पुढे भारतनेट झाले. एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा 2017 च्या डिसेंबरात पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. कर्नाटक या पहिल्या टप्प्यातले राज्य. म्हणजे कागदोपत्री आपल्याकडच्या पंचायतींत फायबर येऊन बरीच वर्षे झाली. एका पंचायतीच्या कचेरीत त्या फायबरचे यंत्र मी पाहिले आहे. भिंतीवर उंच लावलेली लोखंडी पेटी, तिच्या तोंडाला कोळ्याचे जाळे, खाली फुगलेल्या बॅटरीचा यूपीएस, आणि त्या यूपीएसवर ठेवलेली हजेरीची वही. कॉम्प्युटरवर काम चालू होते ते डेटा एन्ट्री ऑपरेटरच्या स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. पेटी कधी बंद पडली, असे विचारल्यावर तो हसला. "चालू कधी होती ते विचारा की वो."

हे एकट्या पंचायतीचे दुखणे नव्हे. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून पंचायतीपर्यंत केबल एका सरळ रेषेत टाकली होती. वाटेत एका ठिकाणी तुटली की पुढच्या सगळ्या पंचायती अंधारात. आणि तोडायला काय, रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी येतो, नळपाणी योजनेचा येतो, गटारीचा येतो. खोदण्याआधी कळवावे म्हणून केंद्राने 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲप काढले. ॲप चांगले आहे; जेसीबीवाल्याला मात्र आपले दिवसाचे तास भरायचे असतात. तुटलेली केबल जोडायला माणूस कोण पाठवणार, त्याचा पगार कोणत्या खात्यातून, हे योजनेत पुरेसे नव्हतेच. केबल टाकण्याचे बिल निघाले की काम संपले. नळ बसवला म्हणजे पाणी आले असे गावात कोणी म्हणत नाही, पण दूरसंचार खात्यात पेटी बसवली की इंटरनेट आला, असाच हिशेब चालत आला.

ऑगस्ट 2023 मध्ये मंत्रिमंडळाने 1,39,579 कोटींची सुधारित भारतनेट योजना मंजूर केली. तीत केबल गोलाकार टाकायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने सेवा सुरू राहील. बांधणाऱ्यानेच पुढची दहा वर्षे देखभालही करायची आहे. चूक कुठे होती हे दिल्लीला कळले, असे यावरून म्हणता येईल. प्रश्न उरतो तो मोजमापाचा. देखभाल झाली की नाही, सेवा चालू होती की बंद, हे सांगणार कोण आणि कुठल्या पातळीवर?

हा प्रश्न वाटतो तेवढा तांत्रिक नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2024 मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. एखाद्या जिल्ह्यात नेटवर्क सलग 24 तासांहून अधिक बंद राहिले तर कंपनीने ग्राहकाला भरपाई द्यायची. पोस्टपेड असेल तर बिलात सूट, प्रीपेड असेल तर मुदत वाढवून. नियम ऐकायला छान. पण तो जिल्ह्याच्या पातळीवर चालतो. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 47 लाखांच्या वर होती. अथणीपासून कणकुंबीपर्यंत पसरलेला हा जिल्हा. एका टोकाला पावसाची वाट पाहतात तेव्हा दुसऱ्या टोकाला पूर ओसरण्याची. आमगाव-गवाळीकडची दहा गावे आठवडाभर बंद राहिली तरी बेळगाव जिल्हा चालूच असतो. त्यामुळे त्या गावांतल्या ग्राहकाचा आठवडा फुकट गेला तरी त्याला एका दिवसाची मुदतवाढ मिळत नाही. रिचार्ज संपायच्या तारखेला मात्र संपतो.

तीच गोष्ट 'गाव जोडले गेले' या दाव्याची. खानापूरकडचे गाव म्हणजे एका जागी घट्ट वसलेली वस्ती नसते. डोंगराच्या दोन-तीन अंगांना विखुरलेले वाडे असतात. एका वाड्यात सिग्नलच्या दोन दांड्या आल्या तरी नकाशावर सगळे गाव रंगते. कंपन्यांनी आपले नेटवर्क कुठे आहे याचे नकाशे संकेतस्थळावर टाकायचे, असेही याच नियमांत आहे. नकाशा उघडून जांबोटी-कणकुंबी रस्ता पाहावा आणि मग प्रत्यक्ष जाऊन पाहावे. रस्त्याच्या एका वळणावर चार-पाच दुचाक्या लावलेल्या दिसतील, माणसे हात उंच करून मोबाइल धरून उभी असतील. तिथे रेंज आहे, असे समजावे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. या निधीतून टॉवर उभारायला, केबल ओढायला अनुदान देताना त्यातला मोठा भाग सेवा चालू राहिलेल्या दिवसांना बांधा. जेवढे दिवस रेंज, तेवढे पैसे. आणि किती दिवस चालू होते याची नोंद जिल्ह्याच्या पातळीवर न घेता ग्रामपंचायतीच्या पातळीवर घ्या, तीवर कंपनीच्या नोंदीबरोबर पंचायतीचीही सही असू द्या. असे झाले की बॅटरी मोठी लावायची की लहान, सौर पॅनेल बसवायचे की नाही, डिझेल पावसाळ्याआधी साठवायचे की नाही, हे कंपनीला कोणी शिकवावे लागणार नाही. ज्या दिवशी टॉवर बंद, त्या दिवशी बिल बंद, हे कळले की कंपनी आपोआप हेस्कॉमच्या मागे लागेल. आज ते काम पंचायतीचा एखादा सदस्य अर्ज हातात घेऊन करतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो बीएसएनएलबद्दल. घाटातले बरेचसे टॉवर त्यांचेच असणार, आणि सरकारने त्यांना 2019, 2022 आणि 2023 अशी तीनदा मोठी पॅकेजे दिली आहेत. आणखी पैसे कशाला? मला यात तथ्य वाटते. 2023 च्या पॅकेजात 700 मेगाहर्ट्झचा रेडिओलहरींचा पट्टाही त्यांना मिळाला. डोंगर-झाडीत दूरवर पोहोचायला तो उपयोगी, त्यामुळे हत्यार हातात नाही अशी सबबही उरलेली नाही. पण म्हणूनच चालू दिवसांचे पैसे ही अट बीएसएनएललाही तितकीच लागू व्हावी. सरकारी कंपनी आहे म्हणून सूट नको आणि सरकारी आहे म्हणून शिवीही नको. खासगी कंपनी तेच काम कमी अनुदानात करायला तयार असेल तर तिला द्या.

दुसरा आक्षेप उपग्रहाचा. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला जून 2025 मध्ये भारतात परवाना मिळाला, आता टॉवरची गरजच काय, असे बेळगावात बसून म्हणणारे भेटतात. डिश घेऊन छपरावर लावणे रोजगारावर जाणाऱ्या घराला जमणारे नाही. मात्र जिथे केबल नेणे खरोखर अशक्य आहे, तिथल्या लहान टॉवरला किंवा शाळेला उपग्रहाची जोडणी सार्वजनिक पैशातून द्यायला माझी अजिबात हरकत नाही. कोणत्या मार्गाने रेंज आली याच्याशी गावाला देणेघेणे नसते.

खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याचा मुद्दा नाजूक आहे. 2011 मध्ये अभयारण्य जाहीर झाले, आतल्या गावांच्या स्थलांतराची चर्चा चालू आहे, तळेवाडीसारख्या गावातली कुटुंबे बाहेर पडू लागली आहेत. उठणारच आहेत तर टॉवर कशाला, असे यावर सोयीचे उत्तर मिळते. ज्यांना जायचे आहे त्यांनी मोबदला घेऊन जावे. जे अजून तिथे राहतात ते आज आजारी पडतात, आज बाळंत होतात. फोन न देणे हा स्थलांतराला राजी करण्याचा मार्ग असू नये. जंगलाला मोठ्या टॉवरचा, जनरेटरच्या धडधडीचा त्रास नको असेल तर सौर ऊर्जेवरचे कमी क्षमतेचे यंत्र अंगणवाडीच्या छपरावर बसते.

तिसरा आक्षेप अधिक जुना: आधी रस्ते, शाळा, पाणी, मोबाइल ही चैन. पंधरा वर्षांपूर्वी मीही कदाचित हे ऐकून घेतले असते. आता सरकारनेच दारे ऑनलाइन केली आहेत. रेशनचे धान्य ई-पॉस मशीनवर अंगठा दिल्याशिवाय मिळत नाही. रेंज नसलेल्या गावात दुकानदार मशीन काखेत मारून माळावर जातो आणि त्याच्या मागून कार्डधारकांची रांग. "आजी, सर्वर न्हाई, उद्या या," हे वाक्य म्हाताऱ्यांना पाठ झाले आहे. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी 2023 पासून मोबाइलवरच्या फोटोने सक्तीची झाली. कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 रुपये असोत, पीएम किसानचे ई-केवायसी असो, ओटीपी सगळीकडे. आणि ओटीपीचा गुंता तर असा, की आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा मडगावला हॉटेलात कामाला, आई जांबोटीच्या केंद्रात खुर्चीवर बसलेली, ओटीपी त्याच्या फोनवर. त्याला फोन करून तो आकडा विचारायचा तर रेंज पाहिजे. त्याने उचलायचा तर मालक बाजूला नसला पाहिजे. दहा मिनिटांत ओटीपी बाद. बाईचा दिवस बुडाला, बसभाडे गेले. सरकारला खिडकी बंद करून ऑनलाइन यायला सांगायचे असेल तर ऑनलाइन येण्याची वाट बांधून देणे ही त्याचीच जबाबदारी होते.

स्वस्ताईबद्दलही बोलले पाहिजे, कारण रेंज आली तरी रिचार्ज परवडला पाहिजे. ट्रायने 2024 च्या डिसेंबरात नियम केला की कंपन्यांनी डेटाशिवायचा, नुसत्या बोलण्याचा पॅक ठेवलाच पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये ते पॅक आले. दर 84 दिवसांना साधारण साडेचारशे रुपये. म्हणजे महिन्याला दीडशेच्या वर. कर्नाटकात वृद्धांची संध्या सुरक्षा पेन्शन 1,200 रुपये आहे. ज्या आजीला इंटरनेट वापरायचा नाही, फक्त गोव्यातल्या लेकाचा फोन घ्यायचा आहे, तिने पेन्शनचा आठवा हिस्सा फोन जिवंत ठेवायला द्यायचा. अमेरिकेत 1985 पासून लाइफलाइन नावाची योजना आहे. अशाच सार्वत्रिक सेवा निधीतून गरीब कुटुंबाला फोन किंवा इंटरनेटच्या बिलात महिन्याला 9.25 डॉलरपर्यंत सूट मिळते. श्रीमंत देशात, जिथे बाजार आपल्यापेक्षा कितीतरी मोठा, तिथे ही गरज भासली. आपल्याकडे निधी टॉवर आणि केबलपुरताच विचार करतो, माणसाच्या बिलाचा करत नाही. पेन्शन घेणाऱ्या आणि अंत्योदय कार्ड असणाऱ्या माणसाला बोलण्याचा एक साधा पॅक या निधीतून मिळाला तर तो काही तिजोरी रिकामी करणार नाही.

आता आपल्याबद्दल. सीमाभागात मराठी माणसाची सार्वजनिक शक्ती कुठे खर्च होते हे आपल्याला ठाऊक आहे. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लढलाच पाहिजे. भाषिक अल्पसंख्याक म्हणून मराठीतून कागद मिळण्याचा हक्क मागितलाच पाहिजे. कर्नाटकाच्या ऑनलाइन सरकारी सेवांचे, म्हणजे सेवा सिंधूचे, पान कन्नड आणि इंग्रजीत असते, त्याचा त्रास रोज होतो. पण आमच्या सभांमध्ये मोबाइलच्या रेंजवर ठराव झालेला मी तरी ऐकलेला नाही. गंमत अशी की 865 सीमावर्ती गावांसाठी महाराष्ट्राने 2023 मध्ये आरोग्य योजना जाहीर केली, आणि तिच्यासाठीही कागद अपलोड करायला नेट लागतोच. बेंगळूर असो की मुंबई, कोणाच्याही दारात गेलो तरी दार ऑनलाइन आहे.

शिवाय हा विषय दोन राज्यांच्या भांडणात सापडण्यासारखा नाहीच. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत टेलिफोन आणि बिनतारी संदेश केंद्राच्या यादीत आहेत. कर्नाटक अन्याय करते, महाराष्ट्र लक्ष देत नाही, यातले कुठलेच वाक्य इथे पुरत नाही. विचारायचे दिल्लीला. आणि तिथे विचारणारा खासदार कोण, हे खानापूरकरांना कधीकधी आठवून द्यावे लागते: खानापूर विधानसभा क्षेत्र बेळगाव लोकसभा मतदारसंघात नाही, ते उत्तर कन्नडमध्ये मोडते. कारवार-शिरसीकडे डोळे लावून बसलेल्या खासदाराला कणकुंबीची आठवण करून द्यायची तर ती लेखी आणि आकड्यांसह द्यावी लागेल. आकडे गोळा करणे अवघड नाही. पंचायतीत एक वही ठेवा, टॉवर बंद पडला की तारीख-वेळ, सुरू झाला की तारीख-वेळ. जून ते सप्टेंबर. ग्रामसभेत ती वाचून दाखवा, ठराव करा, आणि खासदारांना सांगा की अधिवेशनात एवढाच प्रश्न विचारा: खानापूर तालुक्यात डिजिटल भारत निधीचा पैसा लागलेला प्रत्येक टॉवर आणि प्रत्येक पंचायतीतली भारतनेटची पेटी गेल्या पावसाळ्यात किती तास बंद होती, आणि त्या तासांचे पैसे कोणाला दिले?